बुडवायच्या राहिलेल्या चिंध्या

९ फेब्रुवारी

धाकटे राजे,

फोन केला की "ताई, आवाज येत नाहीये" म्हणून तू बोलणं तोडतोस. तुझ्या सासऱ्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या मला इकडे शब्दन् शब्द ऐकू येतात आणि तुला मात्र माझा आवाज येत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि तेवढा तू धीट नाहीस.

आपला फर्निचरचा कारखाना जळून महिना झाला, आणि तेव्हापासून तू सासुरवाडीत. वरच्या खोलीतले शिंपीमामा धुरात गुदमरून गेले. त्यांच्या बायकोला रोज जाऊन भेटते. भुंगाकाका तुरुंगात आहेत. तू त्यांना सकाळी कामावरून काढलंस, रात्री कारखाना पेटला, म्हणजे त्यांनीच सूड म्हणून पेटवला, असा पोलिसांचा सरळ हिशेब. आणि त्या हिशेबाचा पाया आहे तुझा जबाब: संध्याकाळी ते दाराशी आले, शिवीगाळ केली, "बघून घेईन" म्हणाले.

मी त्या दिवशी लेकीकडे होते, त्यामुळे मला काहीच माहीत नाही असं तू धरून चालला आहेस. पण आग कुठून सुरू झाली ते बंबवाल्यांनी मला दाखवलं. पॉलिशच्या टेबलामागचा कोपरा. तिथे आपण दिवसभर तेलाच्या चिंध्या टाकतो. जवसाच्या तेलाची ओली चिंधी ढिगात राहिली की आतल्या आत तापते आणि कुणी काडी न लावता पेटते, हे आपण चड्डीत होतो तेव्हापासून ऐकत आलो. बाबा म्हणायचे, तेलाची चिंधी आणि रुसलेला पाहुणा, दोघांना एकटं सोडू नये. म्हणून तर रोज कारखाना बंद करताना सगळ्या चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवायच्या आणि वर झाकण.

आता सांग, हे काम रोज कोण करायचं? मी नाही. तू तर नाहीच. बाबा गेल्यापासून भुंगाकाका गुणगुणत गुणगुणत ते उरकायचे, आणि इतकं बिनबोभाट की असं काही काम असतं हेच आपण विसरलो. ज्या दिवशी त्यांना काढलंस, त्या दिवशी ते काम कुणीच केलं नाही.

तू विसरलास. एवढंच झालं. विसरणं हा गुन्हा असेलही, पण खून नाही. ये, आणि तसं लिहून दे. एका निर्दोष माणसाचा जीव त्यावर अडकला आहे.

तुझी (काय करणार, आहेच),
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पत्र मिळालं. तब्येत बरी नाही, धुराचा त्रास अजून आहे, पण तू विचारलं नाहीस म्हणून मी पण सांगत नाही.

तू घरबसल्या तपास लावलास याचं कौतुक वाटतं. पोलीस उगाच पगार घेतात. मी काहीही विसरलो नव्हतो. हे एकदा स्पष्ट लिहितो म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

तुझा लाडका भुंगा संध्याकाळी दाराशी आला होता, हे समोरच्या औषधवाल्याने पाहिलं आहे. आणि तुझा भुंगा पोलिसांना काय सांगतो? मी तिकडे फिरकलोच नाही! मग खोटं कोण बोलतंय? माणूस निर्दोष असेल तर आलो होतो म्हणायला त्याची जीभ का अडखळते? ते त्याला विचार. मला कशाला विचारतेस?

इकडे सगळे ठीक. तुझी भावजय नमस्कार सांगते.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

राजे,

तब्येतीची चौकशी केली नाही याची माफी. पण फोनवर मागे तुझा पत्त्यांचा डाव रंगलेला ऐकू आला होता, त्यावरून छाती बरी असावी असं वाटलं.

भुंगाकाका आलोच नाही म्हणतात, हे खरं आहे, आणि त्यांच्यावरही माझं डोकं फिरलं आहे. एक तिकडे, एक इकडे, दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी बघते. तू आपलं बघ.

पोलीस अधिकाऱ्याला मी चिंध्यांचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, बाई, फडक्याला आपोआप आग लागत असती तर माझं घर रोज जळलं असतं. मग मी काय केलं ऐक. घरच्या अंगणात जुन्या पत्र्याच्या टोपलीत तेलाच्या चिंध्यांचा ढीग केला आणि खुर्ची टाकून भाजी निवडत बसले. दुपारपर्यंत काही नाही. शेजारीण तीनदा येऊन बघून गेली, तिला वाटलं मला कसला तरी धक्का बसलाय. चार वाजायच्या सुमारास मधून धूर यायला लागला आणि मग भडका. शेजारणीने बादली ओतली ती अर्धी माझ्या अंगावर. तो काळा ढीग पिशवीत घालून अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. तेव्हा त्याचं हसू गेलं. पण म्हणाला, प्रयोग चांगला आहे, मला त्या रात्रीचा माणूस हवा. चिंध्या कोपऱ्यात होत्या की डब्यात, हे शेवटी बाहेर पडलेल्याने सांगायला हवं.

शेवटी बाहेर पडलेला तू. म्हणून सरळ प्रश्न: त्या संध्याकाळी चिंध्या कुठे होत्या? एका शब्दात उत्तर दे. इकडचं तिकडचं नको, कोपरा की डबा.

ताई

१ मार्च

ती. ताई,

डब्यात असतील.

किती वेळा सांगू, मी विसरलो नाही. तुला ऐकायचंच नसेल तर माझा इलाज नाही. तुझ्या पत्रांमुळे घरात वाद होतात. सासूबाई विचारतात, इतकं काय लिहिते बहीण? मी सांगतो, पाककृती.

धाकटा

८ मार्च

धाकट्या,

"असतील"! कारखाना शेजाऱ्याचा होता काय, की असतील नसतील म्हणतोस?

आज भुंगाकाकांना तुरुंगात भेटून आले. जाळीच्या पलीकडे उभे होते, हातांची नखं अजून पॉलिशने तपकिरी. गुणगुणणं बंद झालंय, ते मला सहन होईना. मी आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. म्हटलं, औषधवाल्याने तुम्हाला पाहिलंय, त्याला काही तुमचं वाकडं करायचं नाही, मग आलो नाही, आलो नाही हे काय लावलंय? शिपाई म्हणाला, बाई, हळू.

शेवटी बोलले. त्या सकाळी तू त्यांना गिऱ्हाईकासमोर काढून टाकलंस, कारण काय, तर त्यांनी गिऱ्हाईकाला सांगितलं की टेबलाचं पॉलिश अजून ओलं आहे, आज नेऊ नका. घरी जाऊन त्यांनी बायकोला शब्द दिला की आता मेलो तरी त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. आणि संध्याकाळ झाल्यावर चिंध्या आठवल्या. बायकोला दुकानात जातो सांगून बाहेर पडले आणि कारखान्याच्या दाराशी आले. शिवीगाळ करायला नाही. चिंध्या बुडवायच्या राहतील हे सांगायला. नंतर बायकोसमोर कबूल करायची लाज वाटली, मग पोलिसांसमोर एकदा नाही म्हणून बसले, आणि मग नाहीच. या वयाच्या माणसाला काय म्हणावं.

मी विचारलं, मग त्याने काय उत्तर दिलं? म्हणाले, दार लागलं. मान फिरवून उभे राहिले.

तेव्हा आता ऐक. पंधरा एप्रिलला खटला उभा राहतोय. जन्मठेप मागणार आहेत. मी तुझ्यासाठी एक मसुदा लिहिला आहे, सोबत आहे. त्यात असं आहे की काका सांगायला आले होते, पण गडबडीत त्यांचं बोलणं तुझ्या लक्षात आलं नाही. तू थकला होतास, चिंध्यांचं विसरून गेलास. आग बघून घाबरलास आणि जबाब चुकीचा दिलास. कुणालाही पटेल असं आहे. वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, विसरला म्हटलं तर थोडक्यात सुटेल. फक्त सही कर आणि ये.

ताई

१९ मार्च

ताई,

पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून माणूस असा न कळवता दुसऱ्याच्या घरी येऊन धडकतो का? तू आलीस, मी नाही म्हटलं नसतं. पण जेवायला पानावर बसलो असताना माझ्या सासऱ्यांसमोर तो मसुदा वाटीला टेकवून ठेवायचा, आणि "सही होईपर्यंत मी जेवणार नाही" म्हणून हात बांधून बसायचं? सासूबाई वाढायचा चमचा हातात धरून उभ्याच राहिल्या. घरातल्या सगळ्यांना वाटलं की मी माणूस मारून इथे लपलोय.

तू मला विचारलंस, "तू विसरलास ना? एवढंच म्हण." मी काय म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलं. मी विसरलो नाही म्हणालो. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच. पाच वेळा, सहा वेळा. मग तू रडायला लागलीस आणि मी ताट सोडून उठलो. आता इथे माझ्याशी कोणी धड बोलत नाही. तुझी भावजय पण.

आणि त्या माणसाची इतकी बाजू घेतेस म्हणून सांगतो. तो उंबऱ्यात उभा राहून मला शिकवत होता. सकाळी काढून टाकलेला माणूस संध्याकाळी येतो आणि बादली भरून ठेवा, डब्यात खालपर्यंत दाबा, झाकण घट्ट लावा, असं सांगतो, जणू कारखाना त्याच्या बापाचा. बाबा असते तर त्यांनी पण ऐकून घेतलं नसतं. माणसाला काही मान असतो की नाही?

मसुदा मी फाडला. तू म्हणाली होतीस ना, तेवढा धीट नाही.

धाकटा

२२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग चहा केला, मग तिसऱ्यांदा वाचलं.

पोलिसांना तू सांगितलंस, त्याने शिवीगाळ केली, बघून घेईन म्हणाला. मला लिहितोस, बादली भरून ठेवा म्हणाला, झाकण घट्ट लावा म्हणाला. जबाब संतापात दिलास आणि पत्रही संतापात लिहिलंस, पण दुसऱ्या संतापात पहिल्यात काय बोललो होतो ते सांभाळायचं राहून गेलं. तुझा हा लहानपणापासूनचा धंदा आहे. साखर खाल्ली नाही म्हणायचास आणि डब्याचं झाकण कुठे ठेवलंय ते न विचारता सांगायचास.

म्हणजे तू ऐकलंस. सगळं ऐकलंस, अगदी खालपर्यंत दाबा इथपर्यंत. आणि एका माणसाला जन्मठेप होऊ घातली आहे ते बघत तू सासुरवाडीत पत्ते खेळतोस.

आता मी विनवण्या करणार नाही. माझा जीव त्यात नाही उरला. तू आला नाहीस तर पंधरा तारखेला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहीन आणि माझ्या सख्ख्या भावाचा जबाब खोटा आहे असं सांगेन. माझं कोणी ऐकेल न ऐकेल. त्यानंतर तुझं नाव मी घरात काढणार नाही. हे रागाने लिहीत नाही. राग कालच संपला.

मला फक्त एक कळत नाही. विसरलो म्हणायला तुझं काय जात होतं? सुटायची वाट मी आयती करून दिली होती, सासऱ्यांनी पण सांगितलं, म्हण बाबा. आणि तू आपला खुंटा हलवून बळकट करत बसलास, विसरलो नाही, विसरलो नाही. इतका कसला अहंकार?

ताई

२ एप्रिल

ताई,

हे पत्र चार वेळा लिहिलं. तुझ्यासारखं मला भरभर येत नाही.

अहंकार नाही. मी खरंच विसरलो नव्हतो. तू दर वेळी तेच विचारत होतीस आणि मी दर वेळी खरंच उत्तर देत होतो. तुझ्या मसुद्यातलं बाकी सगळं खोटं चाललं असतं, पण तो एक शब्द मला लिहिता येईना.

काका आले तेव्हा मी कुलूप हातात घेऊन उभा होतो. ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. माझ्याकडे बघत नव्हते, खाली बघून सांगत होते. चिंध्या आज कोपऱ्यातच आहेत, मी नसल्यामुळे राहिल्या असतील, बादली भरून घ्या, खालपर्यंत दाबा. अगदी हळू आवाजात. शिवी नाही, काही नाही. मला सगळं ऐकू आलं. सकाळी गिऱ्हाईकासमोर त्यांनी मला शिकवलं होतं आणि आता पुन्हा शिकवत होते. मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मग आत वळलो. ढीग समोर होता. बादली पण समोर होती. नळ दोन पावलांवर. मी तिथे उभा राहिलो, ताई, आणि मला आठवत होतं, बाबांचं म्हणणं आठवत होतं, तुझ्यासारखं सगळं आठवत होतं. पण ते बाहेर फटीतून बघत असतील असं मला वाटलं. आता मी चिंध्या बुडवल्या तर त्यांनी सांगितलं आणि मी केलं असं होईल. म्हणून नाही बुडवल्या. त्यांनी सांगितलं नसतं तर कदाचित बुडवल्या असत्या. मनात म्हटलं, एका रात्रीत काय होतंय. मागच्या दाराने निघालो. शिंपीमामांच्या खोलीत दिवा होता, मशीन चालू होतं, तेही ऐकू आलं.

आग लागल्यावर पोलिसांनी विचारलं, कोणाशी भांडण? माझ्या तोंडातून भुंगा बाहेर पडलं. एकदा बाहेर पडल्यावर बाकीचं आपोआप आलं. शिवी, धमकी, सगळं. मला ते इतकं खरं वाटायला लागलं की तू तडफडत होतीस तेव्हा मला तुझाच राग यायचा.

तुझा मसुदा मला पाठ आहे. अजूनही तुला हवं असेल तर मी तेच लिहून देतो. विसरलो. काका सुटतील, मी पण थोडक्यात सुटेन, तुझा भाऊ फक्त विसराळू ठरेल. तू ठरव. तू जे म्हणशील ते मी करतो.

धाकटा

५ एप्रिल

धाकट्या,

पत्र मिळालं. रात्रभर बसून होते.

मी ठरवणार नाही. आईची जागा घेऊन मी तुझ्यासाठी आजवर खूप ठरवलं, शाळा, धंदा, बायकोसुद्धा. आणि गेले दोन महिने एक खोटं ठरवून तुझ्या गळ्यात बांधायला धावत होते. विसरलो म्हण, विसरलो म्हण. तू म्हणाला नाहीस. इतक्या खोट्यात तुला तेवढंच एक बोलता आलं नाही, हे वाचून मला आधी तुझा राग आला आणि मग, लाज वाटते लिहायला, थोडं बरंही वाटलं.

शिंपीमामांच्या बायकोला रोज भेटते हे तुला माहीत आहे. आज गेले नाही. तिच्यासमोर कुठला भाऊ घेऊन जायचा ते मला कळलं नाही.

ये. काय लिहायचं ते घेऊन ये. स्टेशनवर मी असेन.

ताई

३० मे

प्रिय धाकट्या,

वकील म्हणाला तुरुंगात पत्रं उघडून वाचतात. वाचू देत. त्यांनाही कळेल की पावसाळ्याच्या तोंडावर आणलेला स्वेटर नको म्हणून परत पाठवणारा कैदी कसला शहाणा असतो. पुढच्या भेटीला पुन्हा आणणार आहे. छातीचं कारण तूच मला फेब्रुवारीत ऐकवलं होतंस.

शिक्षेचं अजून काही कळत नाही. तू जसं होतं तसं सगळं लिहून दिलंस, त्यामुळे वकिलाने कपाळाला हात लावला. तो मला म्हणतो, बाई, तुमच्या भावाने एक शब्द कमी लिहिला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, चाललं असतं. भावजय इकडे राहायला आली आहे. आल्यापासून माझ्याशी भांडते, म्हणजे बरी आहे.

शिंपीमामांच्या बायकोकडे गेले होते. तिने दार उघडलं, तुझा जबाब तिने कोर्टात ऐकला होता. आत ये म्हणाली नाही. मी पायरीवर थोडा वेळ बसून आले. उद्या पुन्हा जाईन.

आता भुंगाकाकांचं. सुटून आठवडा झाला, पण माझ्याकडे आले नाहीत, म्हणून मीच गेले. चांगलं ऐकून घ्यावं लागलं. तुझं तोंड बघायचं नाही म्हणाले. माझं पण बघायचं नव्हतं, पण मी समोर बसले होते त्याला काय करणार. त्यांची बायको म्हणाली, इतके दिवस माझ्याशी खोटं बोललात, तुमचं तरी काय बघायचं.

मी तुझ्या जबाबाची नक्कल नेली होती. कोर्टात गर्दीत त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, कोणी वाचूनही दाखवलं नव्हतं. मी वाचायला लागले. "अगदी हळू आवाजात. मला सगळं ऐकू आलं." इथे त्यांनी मला थांबवलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, आणि मी वर पाहिलं तर भिंतीचा आधार घेऊन खाली बसले होते. मला वाटलं तुझ्यावर संतापून त्यांना काही झालं. पाणी आणलं.

ते म्हणाले, "म्हणजे ऐकू गेलं होतं त्याला."

मी हो म्हटलं.

मग सांगितलं त्यांनी. बायकोला दिलेला शब्द वगैरे ते खरं होतं, पण दाराशी आलोच नाही असं ते त्यामुळे म्हणत नव्हते. तुझ्यावरच्या रागाने ते मुद्दाम पुटपुटल्यासारखं बोलले होते, ऐकलं तर ऐकलं, नाही तर मरू दे. दार लागल्यावर त्यांना वाटलं, बहुतेक ऐकू गेलं नाही. दार वाजवून पुन्हा मोठ्याने सांगावं असं मनात आलं. हात वर केला आणि खाली घेतला. मी सकाळीच काढलेला माणूस, किती वेळा सांगू, म्हणून निघून आले. सकाळी शिंपीमामा गेल्याचं कळलं. तेव्हापासून तुरुंगात रोज त्यांचा एकच विचार: मी मोठ्याने बोललो असतो तर तो माणूस जिवंत राहिला असता. त्यांना वाटत होतं, शिक्षा बरोबर माणसालाच होते आहे, म्हणून पोलिसांसमोर आलोच नाही यावर अडून बसले.

नक्कल त्यांनी ठेवून घेतली. तुला माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं पण नाही. फक्त निघताना म्हणाले, त्याला सांग, ऐकू गेलं होतं हे लिहिलंस ते बरं केलंस.

ते तुला कळवायला बसले होते.

तुझी,
ताई